इंझूच्या पायातला दोरा

माझ्या सासूबाई, कुलाश अपा, सकाळी चहाबरोबर बातम्या वाचतात. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. युद्ध, निवडणुका, गॅसचे दर असल्या बातम्यांच्या वाटेला त्या जात नाहीत. त्यांना लागतात त्या चमत्कारिक. कुठल्याशा गावात मेंढीने नवरीच्या कानातला डूल गिळला आणि वऱ्हाड जेवण सोडून मेंढीच्या मागे टोपली घेऊन फिरलं. कुणी म्हातारा स्वतःच्याच मयताच्या जेवणाला टॅक्सीने येऊन उतरला आणि मटण कच्चं राहिलंय म्हणून भांडला. असल्या दोन बातम्या झाल्या की तिसरी ठरलेली: सिम्बातची.

"सिम्बातने मांजरीचं नाव बदललं," त्या एकदा म्हणाल्या. "मोठी मेजवानी दिली. मंत्र्याची बायकोसुद्धा आली होती."

"मांजर आली होती का?" मी विचारलं.

"सूनबाई, विद्यापीठात तुला एवढंच शिकवलं का गं? प्रत्येक गोष्टीत खडा शोधायचा?"

सिम्बात गायिका आहे. गाते कमी, दिसते जास्त. सध्या तिने नवं खूळ काढलं होतं. ज्या शहरात कार्यक्रम असेल तिथल्या एखाद्या मुलाच्या पायातला दोरा कापायचा आणि त्याची चित्रफीत फोनवर टाकायची. आमच्याकडे मूल चालायच्या बेतात आलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या पिळाचा दोरा बांधतात आणि मानाच्या माणसाकडून कापून घेतात. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते म्हणतात. चालीमागोमाग स्वभाव येतो. दोरा काळा-पांढरा असतो, कारण दुसऱ्याचा असा दोरा ओलांडू नये, म्हणजे दुसऱ्याच्या हक्काच्या वस्तूला पाय लावू नये, हे मुलाला पहिल्या पावलापासून कळावं. कळतं की नाही, देव जाणे. सिम्बातचाही दोरा कुणीतरी कापलाच असेल.

माझी इंझू सव्वा वर्षाची होती आणि अजून चालत नव्हती. सोफ्याला धरून उभी राहायची, एक हात सोडायची आणि मटकन बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल. शेजारच्या म्हणाल्या, आमच्या तर दहाव्या महिन्यात पळायला लागल्या होत्या. घरातली प्रत्येक टोकदार कड मी कापडाने बांधून टाकली होती, बाल्कनीच्या खिडकीला दुहेरी कडी लावली होती, आणि तरी ती हात सोडायची तेव्हा मी हातातलं टाकून धावायचे. म्हणून दोऱ्याकडे माझे डोळे लागले होते. शिकलेल्या बाईने असं म्हणू नये, पण म्हणते: मला वाटत होतं की तो कापला की मुलगी चालेल.

आणि तो कुणी कापायचा हे ठरलेलं होतं. साउले वहिनींनी. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर वारल्यापासून एकट्या राहतात, आमच्याच मागच्या इमारतीत. साउले वहिनी कुणाच्या घरात शिरण्याआधी खोकतात. मूल झोपलं असेल म्हणून बेल दाबत नाहीत, दारावर नखाने टकटक करतात. इंझू झाली तेव्हा अख्खी भावकी येऊन मला दूध पुरतं का, मुलगी कुणावर गेली, पुढचा मुलगा कधी, हे विचारून गेली. वहिनींनी काही विचारलं नाही. सिंकमधली भांडी घासली, ओली फडकी वाळत घातली आणि गेल्या. माझ्या मुलीने चालावं तर अशा बाईसारखं चालावं, असं मी अपांना सांगितलं होतं, आणि अपांनीही वहिनींना शब्द दिला होता. वहिनींनी कात्रीला लाल फीतही बांधून ठेवली होती.

मग एका सकाळी अपांनी चहाचा पियाला खाली ठेवला. त्या पियाला खाली ठेवतात तेव्हा समजावं की काहीतरी घडलंय.

"सिम्बात आपल्या ताराझला येतेय. आपल्या दोऱ्याच्या मेजवानीच्या दालनाशेजारीच एका लग्नात तिचं गाणं आहे, त्याच दिवशी! माझ्या मामेबहिणीच्या जावयाची ती आत्येबहीण. मी निरोप धाडला. येते म्हणाली. आपल्या इंझूचा दोरा सिम्बात कापणार!"

"अपा, साउले वहिनींना आपण शब्द दिलाय."

"साउलेला काय, ती समजूतदार आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, विधवेच्या हातून करायचं हे माझ्या मनात खुपतच होतं."

"शब्द देताना नाही खुपलं?"

"ओल्झास!" अपांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. उत्तर देण्यापेक्षा त्यांना मुलगा बोलावणं सोपं जातं. "तुझ्या बायकोला समजाव. लोक जन्मभर वाट बघतात."

ओल्झासने मला स्वयंपाकघरात नेलं. "रौशान, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. येईल, कापेल, जाईल. आईला आनंद होतोय तर होऊ दे ना."

"तुझी आई आनंदी व्हावी म्हणून माझ्या मुलीने मांजरीचं बारसं करणाऱ्या बाईसारखं चालायचं?"

"तू या गोष्टींवर विश्वास ठेवतेस?"

"तू नाही ठेवत? मग कशाला हवीय सिम्बात? रस्त्यावरच्या कुणालाही बोलव."

तो हसला. हसला की वाद संपला असं त्याला वाटतं. वहिनींना मी स्वतः सांगायला गेले. त्या फीत सोडत म्हणाल्या, "ठीक आहे गं. कात्री तर तीच वापरतील ना?"

मेजवानीच्या दिवशी दालनात आमची सगळी भावकी जमली होती. तळलेल्या बाउरसाकच्या राशी, घोड्याच्या मांसाच्या काझीचे काप, द्राक्षं. मानाच्या जागी अपांचे थोरले भाऊ बसायचे, पण त्यांना उठवून दाराजवळच्या टेबलाकडे नेलं आणि ती खुर्ची सिम्बातसाठी रिकामी ठेवली. त्या रिकाम्या खुर्चीपुढचं जेवण कुणी हलवू नये म्हणून अपांनी वर जाळी घातली. साउले वहिनी पाहुण्या होत्या, तरी त्यांच्या हातात चहाची किटली आली. कुणी दिली ते दिसलं नाही. त्यांच्या हातात किटली नेहमी अशीच येते.

दालनभर पांढरं कापड अंथरलं होतं, इंझूने त्यावरून चालायचं म्हणून. सूत्रसंचालक हातात माइक घेऊन दर थोड्या वेळाने ओरडायचा, "मंडळी, आपली तारका दारात आहे!" तारका खरोखरच दारात होती. शेजारच्या दालनातल्या नवरीबरोबर फोटो काढत होती, मग वाढप्यांबरोबर, मग स्वतःबरोबर.

आणि दारात आहे म्हटल्यावर अपांनी घाई केली. इंझूला कापडाच्या टोकावर खुर्चीला धरून उभं केलं आणि दोरा बांधून टाकला.

"अपा, ती आत येऊ दे तरी."

"आलीच की! तयार असलं पाहिजे. असली माणसं थांबत नाहीत."

असली माणसं थांबत नाहीत, थांबवतात. इंझू आधी पायांकडे बघत राहिली. पाय हलवून पाहिला, हलला नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. सव्वा वर्षाच्या मुलीला कसं सांगायचं की हा बेड्यांचा खेळ आहे आणि किल्ली बाहेर फोटो काढतेय? तिने ओठ काढला आणि रडायला लागली. मी वाकले तशी अपांनी माझं मनगट धरलं.

"कापायच्या आधी उचलू नये. अपशकुन होतो."

"असं कुणी सांगितलं?"

"मी सांगते."

दालनातली माणसं हसत होती. कुणी म्हणालं, आत्ताच बघा कशी अडकलीय, लग्नात काय होईल. सूत्रसंचालकाने माइक इंझूच्या तोंडाजवळ नेला आणि तिचं रडणं सगळ्या दालनात घुमवलं. पुन्हा हशा झाला. ती माझी मुलगी होती, आणि मी एका बाईच्या मुठीत मनगट देऊन उभी होते. अजून आठवलं की ते मनगट झोंबतं.

शेवटी सिम्बात आली. पडद्यावर दिसते त्यापेक्षा बुटकी. सोनेरी झगा, आणि टाचा एवढ्या उंच की तिला कुणाचा तरी दंड धरूनच चालावं लागत होतं. माझी नजर तिच्या पावलांवरच होती, दुसऱ्या कशावर असणार? उजव्या टाचेला चिकटपट्टी होती आणि तिच्याखालून रक्त आलेलं. ती लंगडत होती. क्षणभर मला तिची कीव आली. ती बोलायला लागली तशी कीवही गेली.

"ही का ती? रडतेय का? रडणारी नाही चालत." तिच्या मागे फोन धरलेली बाई होती, तिला म्हणाली, "डावीकडून घे. डावीकडून."

"सिम्बातजान, ये बाळा, आधी बस, एक घास घे..." अपा पुढे सरसावल्या. नवा मखमली कोट खास शिवून घेतला होता त्यांनी.

"आजी, तुम्ही मध्ये येताय. बाजूला व्हा जरा. अजून. अजून."

अपा मागे सरकल्या. सरकताना त्या हसत होत्या. ते हसू मी आजवर त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. तसं हसू मी त्यांच्यासमोर हसते.

मुलीचं नाव सिम्बातने विचारलं नाही. झग्यात वाकता येईना म्हणून इंझूला एका स्टुलावर चढवलं. सिम्बातने कात्री घेतली, मान फोनकडे वळवली, दात दाखवले आणि न बघताच दोरा कापला. कात्रीचं टोक इंझूच्या घोट्याला घासून गेलं. मग तिला कापडावर उतरवलं, इंझूने एक पाऊल टाकलं आणि मटकन बसली. नेहमीसारखीच.

बायकांनी मिठाई उधळली, टाळ्या वाजल्या. झालं एकदाचं, कसं का होईना.

"थांबा थांबा थांबा!" सिम्बात म्हणाली. "पडली ती. पडलेलं कसं टाकणार? परत करू."

"परत म्हणजे?" ओल्झासने विचारलं.

"परत म्हणजे परत. बांधा, मी कापते. आणि या वेळी कुणीतरी मागून धरा तिला."

कापलेला दोरा मुलाच्या पायात पुन्हा बांधायचा? आमच्याकडे रागाच्या भरातसुद्धा असा शाप कुणी देत नाही. मी अपांकडे पाहिलं. माझ्याशी कितीही भांडोत, रीतीभातीत त्या मला दहा वेळा विकून खातील. आता त्या बोलतील, अशी माझी खात्री होती.

अपा म्हणाल्या, "दोरा कुठे पडला? शोधा रे."

मी इंझूला उचललं.

"खाली ठेव," अपा दातओठ खात म्हणाल्या. "एकदाच. काय बिघडतं?"

"तुम्हाला माहीत आहे काय बिघडतं."

"सगळे बघताहेत, रौशान."

"बघू दे. मघा माझी मुलगी रडत होती तेव्हाही बघतच होते."

सिम्बातने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "ताई, मी तुमच्यासाठी वेळ काढलाय. तुम्हाला कळतंय का, किती लोक बघणार आहेत?"

"त्यांच्यापैकी एकालाही तिचं नाव कळणार नाही. तुम्हाला तरी तिचं नाव कळलंय का?"

तिने फोनवाल्या बाईकडे पाहिलं. बाईने खांदे उडवले. फोन मात्र खाली आला नव्हता. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

तोवर अपा, त्यांच्या दोन भाच्या आणि सूत्रसंचालक कापडावर उकिडवे बसून दोरा शोधत होते. मिठाईच्या कागदांत, टेबलाखाली, स्टुलाखाली. वाढप्यांना विचारलं. मला कपडे झाडायला लावले. ओल्झासचे खिसे पाहिले. दुसरा दोरा घ्या म्हणावं तर काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ बाजारात वाटेल तिथे मिळत नाही, तो आधी वळावा लागतो. साउले वहिनी किटली घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. डावी मूठ मिटलेली. त्या मुठीकडे मी एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मला वेळ नाही," सिम्बात म्हणाली. "चला."

आणि ती निघाली. मानाच्या खुर्चीत न बसता, भाकरीचा तुकडा तोंडात न घालता. वैरी जरी दारात आला तरी आमच्याकडे अन्न चाखल्याशिवाय जात नाही, आणि जाऊही देत नाहीत. अपांनी टेबलावरची बाउरसाकची ताटली उचलली आणि मखमली कोटात धावल्या. मी इंझूला कडेवर घेऊन दारापर्यंत गेले. गाडी सुरू झाली होती.

"बाळा, एक तरी! नुसता हात लाव! अशी जाऊ नकोस!"

खिडकीची काच वर गेली. अपा गाडीबरोबर थोडं चालल्या, मग गाडी वळली. त्या ताटली घेऊन गाड्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "ओलांडलास. माझा दोरा ओलांडलास तू." ताटली जागेवर ठेवून त्यांनी भावाला मानाच्या खुर्चीत बोलावलं. ते म्हणाले, मी इथेच बरा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपांनी नेहमीसारखा फोन घेतला. माझ्याशी बोलणं बंद होतं, म्हणून भिंतीला वाचून दाखवत होत्या. कुठल्याशा गावच्या शिक्षकाने गाढवाला वर्गात बसवलं. कुण्या बाईने चोराला जेवायला घालून मग पोलीस बोलावले. मग त्या थांबल्या.

तिसरी बातमी माझीच असणार, हे मला ठाऊक होतं. रात्रीपासून बहिणीचे, मैत्रिणींचे निरोप येत होते. मी वाचले नव्हते. आता त्यांच्या खांद्यावरून वाचलं: "मुलीचे पाय सोडवू न देणारी आई! सिम्बातचा भर दालनात अपमान." कापल्याचा भाग गाळला होता. रडणारी, बांधलेल्या पायांची इंझू, मग तिला हिसकून घेणारी मी. खाली लोकांनी लिहिलं होतं. हिचेच पाय बांधा. नवरा आहे की नाही हिला? शिकलेल्या सुना अशाच. पोरगी पांगळी दिसते. हे शेवटचं मी दोनदा वाचलं.

मेंढीने डूल गिळलेली ती नवरी मला आठवली. मी तेव्हा चहा नाकात जाईपर्यंत हसले होते. तीही दुसऱ्या दिवशी भाकरी आणायला बाहेर पडली असेल. दुकानदाराने तिच्या कानांकडे पाहिलं असेल.

"वाचा की," मी अपांना म्हणाले. "थांबलात का? मोठ्याने वाचा."

त्यांनी बोटाने फोनचा पडदा वर सरकवला. पुढे आणखी एक तुकडा होता. मखमली कोटातली बाई ताटली घेऊन गाडीमागे धावतेय. त्याला उड्या मारणारं संगीत लावलं होतं. वर लिहिलं होतं: "आजीबाईंचे बाउरसाक कुणी खाईना!" माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लोक हसले होते.

अपांनी फोन पालथा घातला. पियाला उचलला, चहा थंड झाला होता, तरी प्यायल्या.

"तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळे? गाडीमागे मी धाडलं तुम्हाला?"

"पाहुण्याला उपाशी घालवायचं का मग?"

"पाहुणा असता तर जेवला असता."

तेवढ्यात दारावर नख वाजलं. साउले वहिनी खोकल्या आणि आत आल्या. खिशातून रुमाल काढला, रुमालातून दोरा. काळा-पांढरा, दोन तुकडे.

"तुझ्याकडे होता?" अपा ताडकन उठल्या. "आम्ही जमिनीवर रांगलो! सगळ्यांना विचारलं! खोटं बोललीस तू!"

"खोटं कुठे बोलले, अपा?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही."

मी डोळ्यांपुढे सगळ्यांना आणलं. भाच्या, वाढपी, सूत्रसंचालक, ओल्झास, मी. खरंच, किटलीवालीला कुणीच विचारलं नव्हतं.

"आता काय करायचं याचं?" वहिनींनी विचारलं.

"मला काय विचारतेस?" अपा म्हणाल्या. मग पुन्हा बसल्या. "कापला तो तिने. तुझा हात नाही, माझा नाही. तिचीच चाल लागणार आता पोरीला. जन्मभर."

मी खरं तर हेच ऐकायला घाबरत होते. त्यांच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा राग आला, आणि रागाखाली तीच भीती. सोफ्याशी उभ्या असलेल्या इंझूकडे तिघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंसुद्धा नव्हतं. डोळ्यांत तेल घालून बसलेली मी, आणि नेमकं तेव्हाच माझं लक्ष दोऱ्याच्या तुकड्यांवर होतं.

तिने एक हात सोडला. मग दुसरा. मी पाहिलं तेव्हा ती सोफ्यापासून लांब आली होती, खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता. आणखी एक पाऊल टाकलं. पाय जरा फेंगडा पडत होता. मग ती थांबली आणि मान वळवून तिने मागे पाहिलं, आमच्या तिघींकडे, एकेकीकडे. हुबेहूब सिम्बातसारखं. कोण बघतंय? किती जण?

टाळ्या वाजवायला हात उठले होते, ते मी मांडीवर दाबून धरले. वहिनी हलल्या नाहीत.

अपांचा हात फोनकडे गेला. उचलला, सुलटा केला, समोर धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं.

"वेळ बघत होते," त्या म्हणाल्या आणि फोन उशीखाली सारला.

घड्याळ त्यांच्या समोरच्याच भिंतीवर होतं. इंझूने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. कुणीच काही करेना, तेव्हा ती वळली आणि चालू लागली.